धावफलकाच्या तळाशी

राजाभाऊ हुदलीकरांना बेसबॉल मुळीच आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणाचाही गैरसमज होईल. माणूस नाशिकचा, जन्मभर क्रिकेट बघितलेला. त्यांच्या मते बेसबॉल म्हणजे फुलटॉसवर आडवी बॅट फिरवणाऱ्यांचा नुसता बाजार. तरीही गेली तीन वर्षं, कतारमध्ये दोह्याच्या अल मुंतझा भागात कंपनीच्या बसमध्ये पाय ठेवला की हा गृहस्थ आधी मोबाइल काढतो, चष्मा कपाळावर चढवतो आणि अमेरिकेच्या मधोमध असलेल्या हार्लन क्रीक नावाच्या गावातल्या सामन्याचा निकाल उघडतो.

उघडतो म्हणजे वाचतो असं नाही. कोण जिंकलं, कुणी किती धावा केल्या, कुणी किती फलंदाज बाद केले, हे सगळं अंगठ्याने वर ढकलत तो थेट तळाशी जातो. तिथे हवामान, वाऱ्याची दिशा, पंचांची नावं आणि प्रेक्षकांचा आकडा असतो, आणि त्याखाली एक ओळ असते. अधिकृत स्कोअरर : के. हुदलीकर. ती दिसली की राजाभाऊंचा जीव भांड्यात पडतो. मग ते चष्मा नाकावर आणतात आणि वरपासून नीट वाचायला लागतात.

के. म्हणजे कौशिक, त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्म दोह्याचा, शाळा दोह्याची, मराठी सगळी समजणार आणि उत्तर इंग्रजीत देणार. शिकायला अमेरिकेत गेला तो तिथेच राहिला. दिवसा ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो, आणि गावात सामना असला की संध्याकाळी मैदानावर वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत जाऊन बसतो. गावाचा संघ व्यावसायिक, पण पार खालच्या पायरीवरचा. पोरं पगार घेऊन खेळतात आणि वर चढायची वाट बघतात. संघाचं नाव हेरॉन्स. राजाभाऊ त्यांना बगळे म्हणतात.

हे स्कोअररचं काम राजाभाऊंना समजलं तेव्हा ते चकित झाले होते. क्रिकेटच्या धावफलकावर सुटलेला झेल कुठेच लिहीत नाहीत. तो झेल सोडणाऱ्याच्या मनात राहतो, आणि पुढल्या पिढीला गोष्ट म्हणून सांगितला जातो. बेसबॉलमध्ये मात्र प्रत्येक संघापुढे तीन आकडे असतात : धावा, हिट आणि चुका. फलंदाज स्वतःच्या फटक्यावर पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला तर हिट, क्षेत्ररक्षकाच्या गबाळेपणामुळे पोचला तर चूक. या दोहोंत काय धरायचं ते ठरवतो वर काचेत बसलेला एकच माणूस, आणि हार्लन क्रीकमध्ये तो माणूस म्हणजे कौशिक. मैदानावर हजार लोक काहीही ओरडोत, लिहिलं जातं ते तो म्हणेल तेच.

राजाभाऊंना याचा अभिमान वाटला, आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. कौशिकला तर नाहीच.

त्याला कारण होतं. राजाभाऊ वेल्डिंग तपासनीस. गॅस कारखान्यातल्या नळांचे जोड, त्यांचे एक्स-रे उजेडासमोर धरायचे आणि आत कुठे बुडबुडा, कुठे चीर राहिली आहे का ते शोधायचं. सापडली की दोष-नोंद लिहायची. त्यांच्या धंद्यात तिला एनसीआर म्हणतात. हुदलीकरांनी पास केलेला जोड कधी गळला नाही, असं तिथे म्हणतात. पण जित्याची खोड. घरी आले तरी नजर तीच. पोळीचा काठ कच्चा, पोराचा इंग्रजी आठ खालून उघडा, पडद्याची एक कडी कमी. नमिता, त्यांची बायको, म्हणायची, "अहो, घरात तरी कुणाला पास करा." ते हसायचे आणि म्हणायचे, पुढच्या खेपेला. नमिता चार वर्षांपूर्वी गेली. तिचं आजारपण महिनाभराचं होतं आणि तेही इथलंच. त्यानंतर घरात तपासायला काही उरलं नाही.

आता बापलेकांचं बोलणं शुक्रवारी दुपारी व्हायचं, तिथे सकाळ असताना. ते असं :

"जेवलास का?"

"बाबा, इट्स मॉर्निंग."

"हो, म्हणजे नाश्ता."

"येस. तू?"

"झालं. थंडी आहे का तिकडे?"

"बाबा, इट्स समर."

मग दोन्हीकडे थोडी शांतता, मग "ऑल गुड?", मग "ऑल गुड", आणि खलास. फोन ठेवल्यावर राजाभाऊ तो बराच वेळ हातातच धरून बसत. यापेक्षा कोपऱ्यावरचा बंगाली न्हावी गिऱ्हाइकाशी जास्त बोलतो, असं एकदा त्यांच्या मनात आलं होतं.

म्हणून तर तो धावफलक. तिथे पोरगं मोकळं बोलायचं. सहाव्या डावात तिसऱ्या बेसवरच्याची फेक वाकडी गेली : चूक. दोन जण एकमेकांकडे बघत राहिले आणि चेंडू मध्ये पडला : हिट. संघ आपल्या सामन्यांच्या छोट्या चित्रफिती टाकायचा. राजाभाऊ त्या पुन्हापुन्हा बघत आणि पोराचा निवाडा तपासत. बहुतेक वेळा तो बरोबर असे. "कडक आहे, पण न्यायाने," असं ते बसचा चालक मुनाफ याला सांगत. मुनाफ दापोलीकडचा, कुटुंब गावी, स्वतः इथे सहा जणांच्या खोलीत. त्याला बेसबॉलचं ओ की ठो कळत नसे, पण रोज विचारायचा, "काय साहेब, आज पोराने कुणाकुणाला धरलान?" संघ बाहेरगावी गेला की तिथला स्कोअरर वेगळा. ते दिवस राजाभाऊंना उपासाचे जात.

या वर्षी जानेवारीत कंपनीने कळवलं की साठ पूर्ण होतायत, ऑगस्टअखेर सेवा संपेल. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की इथलं सगळं संपतं. माणसाने तीस वर्षं एका गावात काढली तरी गाव म्हणत नाही की राहा. राजाभाऊंना त्याचं वाईट वाटलं नाही. कराराचं कलम ते कलम. नाशकात फ्लॅट होता. प्रश्न एकाच गोष्टीचा होता.

नमिताचं कपाट.

आतल्या खोलीतलं ते लाकडी कपाट ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. एकट्याने उघडायचं धाडस होईना. आपण उघडलं तर हे ठेवा, ते टाका असं करत बसू, एकेक पातळ उजेडाला धरू, आणि ते तिला आवडणार नाही, असं काहीसं त्यांच्या मनात होतं. कौशिकने एकदा यावं, दोघांनी मिळून ते उघडावं, संध्याकाळी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात पक्ष्यांच्या गल्लीत फिरून यावं, जिथे लहानपणी तो पोपटांसमोरून हलायचा नाही, आणि मग घराला कुलूप लावावं. एवढंच विचारायचं होतं. पण दर शुक्रवारी ते विचारायची वेळ आली की तोंडून नाश्ता नाहीतर थंडी निघायची. जानेवारीत म्हणाले, "ऑगस्टमध्ये संपतंय बरं का माझं." कौशिक म्हणाला, "ओके, ग्रेट, बाबा. यू नीड रेस्ट." आणि विषय नाश्त्यावर गेला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये बगळ्यांचे सामने सुरू झाले.

मुनाफ एकदा म्हणाला, "साहेब, मी सांगू? विचारून टाका. नाय म्हणला तर नाय. नाय म्हणायला पण पोरगा आपलाच ना?"

"विचारतो," राजाभाऊ म्हणाले. "इन्शाल्ला."

"तुमचा इन्शाल्ला म्हणजे इथल्या मिस्त्रीचा इन्शाल्ला, उद्या येतो म्हणतो नि येत नाय," मुनाफ म्हणाला आणि गिअर बदलला.

ऑगस्ट उजाडला. दोह्यात त्या दिवसांत बसच्या काचांना बाहेरून घाम येतो. अशाच एका सकाळी निकाल आला : बगळे चार, पाहुणे पाच. बगळ्यांचे हिट नऊ, चुका शून्य. एका धावेने हरलेला सामना आणि चूक एकही नाही, हे तपासनिसाच्या नाकाला खटकलं. राजाभाऊंनी आठव्या डावाची चित्रफीत शोधली. पाहुण्यांचा गडी तिसऱ्या बेसवर होता, दोन बाद, म्हणजे आणखी एक बाद झाला की डाव खलास आणि धाव नाही. साधा सरपटी चेंडू बगळ्यांच्या शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या पोराकडे, आला. त्याने तो स्वच्छ उचलला. मग हातात धरला. एकदा थोपटला. वर बघितलं, आणि मग फेकला. तोवर फलंदाज पहिल्या बेसवर पोचला होता, आणि तिसऱ्यावरच्याने धाव पूर्ण केली होती. त्याच धावेने सामना गेला. आणि कौशिकने लिहिलं होतं : हिट.

राजाभाऊंनी ती चित्रफीत किती वेळा बघितली ते मुनाफला विचारा. "एवढा सोपा चेंडू," ते पुटपुटत होते. "ही धडधडीत चूक आहे. याने पास कसा केला?"

आणि मग त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली. शहाण्या माणसाने फोन उचलून पोराला विचारलं असतं, अरे असं का धरलंस? पण राजाभाऊंना आयुष्यात मनापासून एकच गोष्ट लिहिता येत होती. संध्याकाळी घरी येऊन, टेबलाशी ताठ बसून, त्यांनी बगळ्यांच्या कार्यालयाला ईमेल लिहिली. विषय : दोष-नोंद, आठवा डाव. मग मुद्देसूद निरीक्षण, संभाव्य कारण, आणि सुधारणेची विनंती. स्कोअररने चित्रफीत पुन्हा पाहावी आणि निर्णय बदलावा. काइंडली डू द नीडफुल. खाली पूर्ण नाव, दोहा, कतार. मनात हिशोब असा की कुणीतरी ती कौशिकला दाखवेल, तो आडनाव बघेल, हसेल किंवा चिडेल, आणि शुक्रवार नसताना फोन करेल. भांडण तर भांडण. भांडणात माणसं लांबलचक बोलतात, आणि तेवढ्यात आपण कपाटाचं विचारून घेऊ.

फोन आला नाही. मधला एक शुक्रवारही असाच गेला. कौशिकचा नुसता मेसेज होता, बिझी, लेटर. मग पुढचा सामना झाला, घरच्याच मैदानावर. राजाभाऊंनी अंगठ्याने तळ गाठला. अधिकृत स्कोअरर म्हणून भलत्याच कुणाचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच नाव.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी त्यांची अवस्था झाली. त्यांनी आयुष्यभर दोष-नोंदी लिहिल्या होत्या आणि त्यांचं पुढे काय होतं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. नोंद वर जाते, वरचे विचारतात, हा जोड कुणी केला, आणि दुसऱ्या दिवशी तो वेल्डर जागेवर नसतो. अशी किती माणसं त्यांनी जागेवरून गेलेली पाहिली होती. त्यांना तेव्हा काही वाटलं नव्हतं. काम ते काम. आता बसमध्ये त्यांनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. पोराला त्या परक्या गावात नोकरीपलीकडे एवढी एकच गोष्ट होती, ती काचेची खोली. आणि ती आपण, त्याच्या बापाने, काढून घेतली.

"काय झाला साहेब?" मुनाफने आरशातून विचारलं. "पोराचा नाव नाय?"

"नाही."

बस कारखान्याच्या फाटकात थांबली, सगळे उतरले, तरी राजाभाऊ बसून होते. तेव्हा मुनाफ मागे वळला. "फोन लावा साहेब. आज शुक्रवार नाय, तरी लावा."

त्यांनी संध्याकाळी लावला. घरी येऊन, बूटसुद्धा न काढता, हॉलमध्ये उभं राहून. तिकडे सकाळ असणार, पोरगा कारखान्यात असणार, उचलणार नाही, असं मनाशी म्हणत असतानाच त्याने उचलला.

"बाबा? इट्स नॉट फ्रायडे. यू ओके?" आवाज जाड आणि बोबडा होता.

"तुझं नाव नव्हतं," राजाभाऊ म्हणाले.

"व्हॉट नेम?"

"खाली. निकालाच्या खाली. दोन दिवस दुसराच कुणीतरी आहे. माझ्यामुळे काढलं का रे तुला?"

कौशिक हसला, आणि लगेच कळवळला. अक्कलदाढ काढली होती त्याची. दोन दिवस रजेवर होता, गाल फुगला होता, म्हणून घरीच होता. आणि ईमेल? ती त्याला कधीच मिळाली होती. कार्यालयातल्या बाईने ती छापून काचेच्या खोलीत भिंतीवर लावली होती. येणारा जाणारा तिच्यापुढे उभा राहून वाचतो. काइंडली डू द नीडफुल तर तिथे सगळ्यांच्या तोंडी बसलं आहे.

"मग फोन का नाही केलास?"

"आय थॉट, इफ ही वॉन्ट्स टू टॉक, ही विल कॉल."

राजाभाऊ खाली बसले. आता बूट काढले.

"यू रीड इट एव्हरी डे?" कौशिकने विचारलं.

"तू सुरू केलंस तेव्हापासून."

मग कौशिक बोलायला लागला, सुजल्या तोंडाने, इंग्रजीत, आणि थांबेचना. नियमात लिहिलेलं असतं, त्याने समजावलं : साधारण खेळाडूने साधारण प्रयत्नात जे केलं असतं ते झालं नाही तर चूक. पण चेंडू हातातून सुटला पाहिजे, किंवा फेक वाकडी गेली पाहिजे. शॉर्टस्टॉपच्या हातून काही सुटलं नव्हतं. त्याने नुसता उशीर केला. चेंडू हातात धरून विचार करत राहणं, हळू हाताळणं, याला चूक धरत नाहीत.

"मग हा दोष कुणाचा?" राजाभाऊंनी विचारलं.

"नोबडीज, बाबा. रनर पोचला. दॅट्स ऑल."

राजाभाऊंनी वाद घातला. त्यांना तो घालायचाच होता. कौशिकने उलट वाद घातला. डाव निघाले, फेका निघाल्या, जूनमधला एक निवाडा चुकला होता हे कौशिकने कबूल केलं, आणि राजाभाऊंनी जुलैमधला एक मान्य केला. बाहेर मगरिबची बांग होऊन गेली, हॉलमध्ये अंधार झाला, दिवा लावायला उठावंसं वाटेना. इतकं बोलणं नमिता असतानाही कधी झालं नव्हतं. शेवटी कौशिक म्हणाला की दुखतंय, गोळी घेतो, आणि "बाय, बाबा" म्हणून फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर राजाभाऊ एकटेच हसले. मग उठले, दिवा लावला, आणि आतल्या खोलीच्या दारातून त्यांना ते कपाट दिसलं. विचारायचं राहिलं होतं. तासभर बोलणं झालं होतं, आणि विचारायचं तेच राहिलं होतं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. आता थांबले तर शुक्रवार उजाडेल आणि पुन्हा नाश्ता निघेल, हे त्यांना कळत होतं.

"कौशिक, एकदा ये रे," ते एका दमात म्हणाले. "घर सोडायच्या आधी. आईचं कपाट उघडायचंय. मला एकट्याला नाही होत."

तिकडे गोळीची चांदी फाटल्याचा आवाज आला.

"बाबा, आय कान्ट. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सीझन आहे. कारखान्यातली सुट्टी पण संपली." मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाला, "यू शुड हॅव आस्क्ड इन विंटर. आय वॉज फ्री, बाबा. ऑल विंटर. कोणी नव्हतं इथे. आय वॉज जस्ट सिटिंग हिअर."

राजाभाऊंनी मनात महिने मोजले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. ते इथे बसून होते, आणि तो तिथे बसून होता.

"हातात होतं रे माझ्या," ते म्हणाले. "धरूनच बसलो मी."

मग कौशिक बोलला, आणि निव्वळ मराठीत बोलला, सावकाश, शब्द शोधत.

"त्याला चूक धरत नाहीत, बाबा."

"पण धाव जातेच ना?"

"हो," कौशिक म्हणाला. "धाव जाते."

त्या शनिवारी राजाभाऊंनी कपाट उघडलं. आधी पंखा लावला, मग चावी फिरवली. पातळं होती, दोन स्वेटर होते जे दोह्यात कधी लागले नाहीत, कौशिकची पहिलीतली टाय होती, आणि वरच्या फळीवर तिने कशासाठी तरी जपून ठेवलेल्या रिकाम्या बरण्या होत्या. त्यांनी काहीच उजेडाला धरलं नाही. एकेक वस्तू उचलली आणि बॅगेत ठेवली, घडी मोडलेलीही तशीच, बरण्यासुद्धा. सगळं पास. बॅग काठोकाठ भरली, चेन लागेना, म्हणून ते तिच्यावर बसले, आणि उठायची घाई कुणालाच नव्हती म्हणून बसूनच राहिले.